देव्हारा बंद असतानाचे दिवस : शोकातून आणि आतल्या काळोखातून जाताना

दूधवाल्याला ‘उद्यापासून अर्धाच लिटर’ हे सांगायला मला 19 दिवस लागले. रोज सकाळी तो नेहमीचं एक लिटर मापून द्यायचा, मी काही न बोलता पातेलं आत न्यायची आणि रात्री उरलेल्या दुधाला विरजण लावायची. फ्रिजमध्ये दह्याची भांडी साठत गेली. विसाव्या दिवशी दार उघडल्या उघडल्या तोंडातून वाक्य निघून गेलं. तो नुसतं ‘जी काकीजी’ म्हणाला, माप बदललं आणि फटफटीला किक मारून निघून गेला. मी ओट्याला धरून उभी राहिले. मुक्तिधामात कळलं नव्हतं, नर्मदेत अस्थी सोडताना कळलं नव्हतं, ते त्या अर्ध्या लिटरनं कळलं. हे गेले.

याला आता सहा वर्षं होतील. मी अध्यात्मातली अधिकारी व्यक्ती नाही. इंदूरच्या एका शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं. घरात दत्ताची उपासना, चतुर्थीला खजराण्याचा गणपती, आषाढीला पंढरीनाथाच्या देवळात जाऊन यायचं, एवढीच पुंजी. पण ओळखीत कोणाकडे असं काही घडलं की आताशा मला बोलावणं येतं, आणि तेच तेच प्रश्न विचारले जातात. त्यांची उत्तरं एकदा नीट लिहून काढावीत म्हणून बसले आहे.

आधीच एक सांगते. दुःखानं माणूस आपोआप मोठा होतो हे खरं नाही. कडू झालेली माणसंही मी पाहिली आहेत आणि काहीच न बदललेलीही. आणि ‘यातून तुमची आध्यात्मिक प्रगती होईल हो’ असं पहिल्या दोन महिन्यांत कोणी तोंडावर म्हणालं, तर त्यांना चहा द्या आणि वाटेला लावा.

पहिले दहा दिवस

आपल्याकडे सुतकात घरच्यांनी देवपूजा करायची नसते. मला याचा आधी फार राग आला होता. ज्या दिवसांत देवाची सगळ्यांत जास्त गरज, त्याच दिवसांत देव्हाऱ्याला पडदा? माझ्या चुलत सासूबाई तेव्हा चौऱ्याऐंशीच्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘दहा दिवस देवाचं दुसरं कोणी बघेल. तू जेव आणि झोप.’ आज वाटतं, पूर्वीच्या लोकांनी माणूस बघून ही सोय केली असावी. त्या दिवसांत प्रार्थना जमत नाही हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून ती न करण्याची परवानगीच देऊन टाकली. तेव्हा पहिली पायरी हीच: या दहा दिवसांत स्वतःकडून काहीही उंच, पवित्र, शांत अशी अपेक्षा ठेवू नका.

करायचं ते अगदी जमिनीवरचं. फोन घ्यायला एक माणूस नेमा. आमच्याकडे भाच्यानं ते केलं. इंदूरला तिसऱ्या दिवशी उठावना, म्हणजे शोकसभा, असतो, आता मराठी घरांतही करतात, त्याची वेळ-जागा विचारणारे शंभर फोन येतात आणि ते तुम्ही घ्यायचे नसतात. शेजारून खिचडी आली की चार घास खा, चव लागत नसली तरी. मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत व्हावी लागते. नगर निगमकडून दाखल्याच्या आठ-दहा प्रती एकदमच घ्या, पुढे प्रत्येक खिडकीवर एक लागते. घर, दागिने, ठेवी यांबद्दल काहीही ठरवू नका. सही मागणाऱ्याला ‘तेराव्यानंतर’ म्हणा, आणि तेराव्यानंतर ‘वर्षश्राद्धानंतर’ म्हणा.

गरुडपुराण वाचायचं का, असं बरेच जण विचारतात. माझं मत विचाराल तर ज्या घरात मृत्यू अचानक किंवा अपघाती झालाय तिथे नरकाची वर्णनं ऐकवू नयेत. आमच्याकडे दोन दिवस वाचन झालं, तिसऱ्या दिवशी माझी सून रडत उठून गेली. मग भटजींनीच पोथी मिटली आणि विष्णुसहस्रनाम म्हणायला सुरुवात केली. कोणाला काही कमी पडलं असं वाटलं नाही.

एक गोष्ट मात्र मन लावून करा. गेलेल्या माणसाच्या जागी आपण दहा दिवस पणती तेवत ठेवतो. तिच्यात तेल घालायचं काम स्वतःकडे घ्या. रात्री दोनला जाग येते, घर निजलेलं असतं, आपण उठतो, वात पुढे सारतो, तेल घालतो. त्या वेळी मनात काही चांगलं येत होतं असं नाही. बहुतेक वेळा ‘रुग्णालयात अर्धा तास आधी पोचलो असतो तर’ हेच चालू असायचं. पण हाताला काम होतं, आणि पुढे जे काही उभं राहिलं ते त्या पणतीवरच.

कावळा शिवला नाही, आणि आम्ही हसलो

दहाव्याला पिंड ठेवले आणि कावळा येईना. तासभर झाला. ‘काय राहिलं असेल मनात’ याचे अंदाज सुरू झाले. मुलगा म्हणाला, ‘बाबा, आईला एकटं ठेवणार नाही.’ दीर म्हणाले, ‘दादा, घराचं मी बघतो.’ कावळे झाडावर ढिम्म. मग भाचा हळूच म्हणाला, ‘मामा, सराफ्यातली जिलबी आणून देऊ का?’ आणि पंधरा माणसं खो-खो हसली. मीसुद्धा. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला.

त्या हसण्याचा पश्चात्ताप मला महिनाभर पुरला. नवरा जाऊन दहा दिवस झाले आणि ही बाई हसते! नंतर एका समुपदेशक मैत्रिणीनं सांगितलं की शोकाचा अभ्यास करणाऱ्या मार्गारेट स्ट्रोबे आणि हेन्क शूट या नेदरलँड्समधल्या दोघांनी 1999 मध्ये नेमकं हेच मांडलं आहे. शोकातलं माणूस एका जागी थांबत नाही. ते दुःखात जातं, मग रोजच्या जगण्यात येतं, पुन्हा दुःखात जातं, आणि हे जाणं-येणंच प्रकृतीचं लक्षण आहे. शोकाचे पाच टप्पे वगैरे जे सगळीकडे ऐकू येतं, ते मूळ 1969 मध्ये एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून मांडलेले. मागे राहिलेल्यांनी ते जिन्यासारखे चढायचे नसतात. ‘माझा रागाचा टप्पा झालाच नाही’ अशी काळजी करणारे गृहस्थ मला भेटले आहेत.

काकस्पर्शातली आणखी एक गोष्ट घेण्यासारखी आहे: गेलेल्याशी मोठ्यानं बोलायचं, चारचौघांत, नाव घेऊन. ‘तुमचं अमुक मी बघेन.’ आपल्या परंपरेनं हे एका दिवसापुरतं ठेवलं. मी ते पुढे चालू ठेवलं.

तेराव्यानंतरची सहा वाजताची वेळ

गोडाचं जेवण झालं, पाहुणे गेले, मुलगा-सून पुण्याला परतले, आणि घरात पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. खरा काळोख इथून सुरू होतो. लोक पहिल्या तेरा दिवसांत धीर द्यायला येतात. यायला हवं चाळिसाव्या दिवशी.

या काळात एकच खुंटी ठोकायची. एकच. सकाळी चारला उठून ध्यान, रोज एक अध्याय, गुरुवारचा उपास, एकशे आठ वेळा जप असला सगळा संकल्प करू नका. आठव्या दिवशी तो मोडतो आणि दुःखावर अपराधाची भर पडते. तुमच्या दिवसातली सगळ्यांत वाईट वेळ कोणती ते आधी शोधा. चार दिवस कागदावर नुसत्या वेळा लिहा: कधी पोटात खड्डा पडतो? माझी वेळ संध्याकाळी सहाची होती. हे सहाला फिरून यायचे आणि फाटकाची कडी वाजायची.

त्या वेळेला मी तिन्हीसांजेचा दिवा बांधला. करते ती कृती अशी. निरांजनात तुपात भिजवलेली एक फुलवात. माझ्या निरांजनात ती वीसेक मिनिटं चालते. दिवा लावायचा आणि समोर बसायचं, पाट घेऊन किंवा खुर्चीवर, गुडघ्यांना जमेल तसं. पहिल्यांदा त्या माणसाला दिवसातली एक गोष्ट मोठ्यानं सांगायची. मोठी नको. ‘नळाला आज पाणी आलं नाही.’ ‘बँकेत तुमची सही जुळली नाही म्हणे.’ मग गप्प बसायचं, वात संपेपर्यंत. रडू आलं तर रडायचं, जांभई आली तर जांभई. दिवा आपण फुंकून विझवत नाही, तो आपला आपण शांत होतो, म्हणजे उठायची वेळही आपल्याला ठरवावी लागत नाही. वीस मिनिटांपेक्षा जास्त बसू नका. हे मी मुद्दाम सांगते आहे. पहिल्या महिन्यात मी दोन-दोन तास बसायची आणि उठल्यावर चक्कर यायची. ती साधना नव्हती, ते बुडणं होतं.

एखाद्या दिवशी चुकलं तर दुसऱ्या दिवशी दोन वाती लावायच्या नाहीत. चुकलं ते चुकलं.

पहिले तीन महिने काहीही घडलं नाही. चौथ्या महिन्यात एकदा लक्षात आलं की सहा वाजलेत आणि मी कडीच्या आवाजाची वाट बघत नाहीये, काडेपेटी शोधते आहे. एवढंच.

प्रार्थना कोरडी पडते तेव्हा

याबद्दल आपल्याकडे फारसं कोणी बोलत नाही, कारण बोललं तर लोक म्हणतील, हिची श्रद्धा डळमळली. वर्षाच्या मध्यावर कधीतरी मला देव नावाचं काही जाणवेनासंच झालं. आरती म्हणताना शब्द सुट्या मण्यांसारखे घरंगळायचे. राग होता तोवर बरं होतं. रागाला निदान समोर कोणीतरी लागतं. हे नुसतं रिकामं होतं.

सोळाव्या शतकात स्पेनमध्ये जॉन ऑफ द क्रॉस नावाचे साधू होऊन गेले. 1577-78 मध्ये त्यांच्याच पंथातल्या विरोधकांनी त्यांना टोलेडोत नऊएक महिने अंधाऱ्या कोठडीत डांबलं होतं. या कोरडेपणाला ‘रात्र’ म्हणणारे ते. त्यांची एक खूण मला फार उपयोगी पडली. देवाचं गोड लागत नाही, जगाचंही लागत नाही, ध्यान जमत नाही, आणि तरी ‘माझं देवाशी नातं तुटलं का’ ही टोचणी मात्र जात नाही. ते म्हणतात, टोचणी आहे तोवर ही रात्रच आहे, परकेपणा नाही. ज्याचं खरंच तुटलं त्याला टोचत नसतं. आणि अशा वेळी जोर लावू नका, नुसतं लक्ष तिकडे ठेवून बसा.

आपल्या मातीतलं बघायचं तर तुकोबांचं बघा. 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांची पहिली बायको अन्न-अन्न करत गेली, मुलगा गेला, धंदा बुडाला. ते भामचंद्राच्या डोंगरावर जाऊन बसले. पण नंतर ते विठ्ठलाशी जे बोलले त्यात मऊपणा थोडा आणि भांडण पुष्कळ आहे. जनाबाई, नामदेव, कोणीच सभ्यपणे बोललेलं नाही. म्हणून मी सांगते: भांडा. एका वहीत देवाला पत्र लिहा, जे मनात येईल ते, शिवीसुद्धा. मी अकरा पानं लिहिली होती. बाराव्या पानावर लिहायला काही उरलं नाही, आणि मला त्या वर्षातली पहिली सलग सहा तासांची झोप लागली. वही जपून ठेवायची की नर्मदेत सोडायची ते तुमचं तुम्ही ठरवा. मी बंबात घातली.

भांडायचंही त्राण नसेल तर ऐका. इंदूरहून देवास तासाभरावर आहे. 1948 मध्ये कुमार गंधर्व क्षयाच्या दुखण्यात हवापालटासाठी तिथे येऊन राहिले, आणि जवळजवळ पाच वर्षं त्यांना गायची मनाई होती. चोविशीतला गायक, ज्याच्याकडे गाण्याशिवाय दुसरं काही नाही. खाटेवर पडल्या पडल्या ते माळव्यातल्या बायकांची गाणी ऐकत राहिले, आणि पुढे ते उठले तेव्हा त्यांच्या गाण्यात ती लोकधून घर करून बसली होती. मी गाण्यातली नाही. पण आवाज निघत नसेल तेव्हा कान उघडे ठेवायचे, हे त्यांच्याकडून घेण्यासारखं आहे. मी रोज दुपारी पंढरीनाथाच्या पायरीवर जाऊन बसायची, आत न जाता. भाजीवाल्यांची घासाघीस, घंटा, शाळा सुटलेली पोरं. देव आत होता की नाही मला सांगता येणार नाही. मी बाहेर होते आणि मला कोणी ऊठ म्हणत नव्हतं.

काळोख आणि आजार यांत फरक करा

इथे भाविकपणा बाजूला ठेवून वाचा.

गेलेल्या माणसाचा खोकला ऐकू येणं, गर्दीत पाठमोरं दिसणं, वास येणं, हे शोकात पुष्कळांना होतं, घाबरू नका. पण आठवडेच्या आठवडे झोप किंवा अन्न नाही, अंघोळ-स्वयंपाकासारखी साधी कामंही होत नाहीत, दारू किंवा झोपेच्या गोळ्या वाढल्या आहेत, आणि मुख्य म्हणजे ‘आपणही जावं’ हा विचार येऊन बसतोय, तर तो काळोख नामस्मरणानं उजळण्याची वाट बघू नका. सरकारची टेलि-मानस ही सेवा 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे: 14416 हा नंबर फिरवायचा, पैसे लागत नाहीत, रात्रंदिवस चालू, आणि हिंदीप्रमाणे मराठीतही बोलता येतं. मरण्याचा विचार नुसता विचार न राहता बेत व्हायला लागला असेल तर माणसाला क्षणभरही एकटं सोडू नका आणि थेट रुग्णालय गाठा. शोक लांबून आजारात बदलतो हे आता वैद्यकशास्त्रानंही मानलं आहे. जागतिक आरोग्य संघटना त्यासाठी किमान 6 महिने धरते, अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं 2022 मध्ये मोठ्यांसाठी 12 महिने धरले. पण त्रास असह्य असेल तर महिने मोजत बसायचं कारण नाही. मी स्वतः आठव्या महिन्यात डॉक्टरांकडे गेले, पाच महिने गोळी घेतली. दिवा तेव्हाही लावत होतेच.

दारावर येणारी माणसं

शोकातल्या घराचा पत्ता काही लोकांना बरोबर कळतो. मला एका गृहस्थांचा फोन आला: ‘तुमच्या यजमानांना गती मिळालेली नाही, मला दिसतंय. 21,000 रुपयांत शांती करून देतो.’ काकस्पर्श झाला नव्हता हेही त्याला ठाऊक होतं. माझा हात खरोखर पर्सकडे गेला. दीर घरात होते म्हणून वाचले. तेव्हापासून माझा नियम असा की पहिल्या वर्षात नेहमीच्या मासिक श्राद्धाच्या पलीकडे कुठलाही विधी, अनुष्ठान, दीक्षा, आश्रमाला देणगी घरातल्या दोन माणसांना विचारल्याशिवाय आणि एक महिना थांबल्याशिवाय करायची नाही. जो गुरू महिनाभर थांबायला तयार नाही त्याला माझी घाई आहे की माझ्या पैशाची, ते उघड आहे.

दुसरी माणसं आपलीच असतात. संक्रांतीला समोरच्या घरी हळदीकुंकू झालं, मला बोलावणं आलं नाही. तीस वर्षं मी त्यांच्या घरी वाण लुटलं होतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं मे 2022 मध्ये ग्रामसभेत विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. आमच्या शिकल्या-सवरल्या कॉलनीला अजून वेळ आहे. मी टिकली लावते. ती लावायची की नाही याचा अध्यात्माशी काहीएक संबंध नाही, हे जितक्या लवकर मनात पक्कं होईल तितका पुढचा रस्ता सोपा.

कपाट

कपाट कधी आवरायचं याला मुहूर्त नाही. घाई करणाऱ्या नणंदेला अडवा. पण तीन वर्षं कुलूपही घालून ठेवू नका. एका रविवारी एक खण, तासभर, सोबतीला एक न बोलणारं माणूस. तीन ढीग करायचे: द्यायचं, ठेवायचं, अजून कळत नाही. तिसरा ढीग मोठा झाला तर होऊ दे.

ह्यांच्या पांढऱ्या कुर्त्याच्या खिशात सुपारीचं एक खांड आणि चौकोनी घडी केलेला कागद निघाला. ह्यांच्या तिरक्या अक्षरात: ‘बारीक सेव पाव किलो, जीरावन, ब्लेड 2, हिची गोळी.’ जाण्याच्या आदल्या दिवशीची यादी. मी तासभर तो कागद हातात धरून बसले होते. मग चप्पल घातली, कोपऱ्यावरच्या दुकानात गेले आणि यादीतलं सगळं आणलं, ब्लेडसकट. दुसऱ्या दिवशी पोहे केले, वर भरपूर जीरावन भुरभुरलं. चाळीस वर्षांत मी त्यांना ‘किती तो मसाला’ म्हणत आले होते.

ब्लेड अजून देव्हाऱ्याच्या खणात आहेत. ती ‘अजून कळत नाही’ या ढिगातली.

दुसऱ्याची फाइल

अहिल्याबाईंचं नाव इंदुरात इतक्या वेळा घेतलं जातं की बाई दिसेनाशी होते. जरा ओळीनं बघा. 1754 मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात नवरा गेला. सती जायला निघालेल्या सुनेला मल्हाररावांनी अडवलं. 1766 मध्ये ते सासरे गेले. पुढच्याच वर्षी एकुलता एक मुलगा मालेराव. म्हातारपणी नातू, मग जावई, आणि 1791 मध्ये मुलगी मुक्ताबाई आईनं केलेल्या विनवण्यांना न जुमानता सती गेली. 1795 मध्ये बाई स्वतः गेल्या. देशभरची मंदिरं, घाट, धर्मशाळा, विहिरी हे सगळं या मृत्यूंच्या मधल्या फटींत झालेलं आहे. 1767 ते 1795 अशी अठ्ठावीस वर्षं रोज उठून लोकांच्या फिर्यादी ऐकणं, हिशेब बघणं. दुःखाचं रूपांतर वगैरे एका रात्रीत झालेलं मला त्यात कुठे दिसत नाही. काम दिसतं.

तुम्हाला घाट बांधायचा नाहीये. पायरी अशी: गेलेलं माणूस जे सहज करायचं, किंवा त्याच्या जाण्यामुळे तुम्हाला जे शिकावं लागलं, त्यातली एक छोटी गोष्ट दुसऱ्या कोणासाठी करा. पण केव्हा? ‘सेवा कर, दुःख विसरशील’ म्हणून पहिल्या महिन्यात ढकलू नका. तेव्हा आपल्यालाच सेवेची गरज असते. माझ्या अनुभवात आठ-दहा महिने तरी जाऊ द्यावेत.

मला शिकावे लागले ते कागद. कुटुंब निवृत्तिवेतन, वारसनोंद, विम्याचा दावा, मीटर नावावर करणं. एका कचेरीत मला एका सहीसाठी पाच हेलपाटे झाले. ते सगळं मी वहीत लिहीत गेले, गणिताच्या बाईच्या सवयीनं: कुठे काय लागतं, फोटो किती, झेरॉक्स किती. वर्ष होता होता गल्लीतली एक जण ऐन पस्तिशीत एकटी पडली. तिच्या सासूनं मला विचारलं, ‘ताई, हिला जरा कागदांचं सांगाल का?’ मी गेले. ती माझ्याकडे बघतही नव्हती. मी तिच्याशी आत्मा अमर आहे वगैरे काही बोलले नाही, एक निळी फाइल काढली, तिच्यावर तिच्या नवऱ्याचं नाव लिहिलं आणि विचारलं, ‘स्पेलिंग बरोबर आहे ना?’ तिनं मान हलवली. मग म्हणाली, ‘ते शेवटी डबल ए लावायचे.’ आणि रडायला लागली. मी खोडरबर शोधत बसले, कारण पेननं लिहिलं होतं आणि खोडरबराचा काही उपयोग नव्हता.

त्या दिवशी घरी येऊन दिवा लावला तेव्हा सांगायला गोष्ट होती. आणि आरतीचे शब्द, कित्येक महिन्यांनी, एकमेकांना धरून आले.

आतापर्यंत सतरा फाइली झाल्या आहेत. आत काही वाढतंय का हे कसं ओळखायचं, असं लोक विचारतात. मला एवढंच दिसतं की पूर्वी कोणी रडायला लागलं की मी लगेच उपाय सांगायची. आता गप्प बसता येतं. मरणाची बातमी ऐकली की पूर्वी छातीत धस्स व्हायचं, आता आधी विचार येतो, त्यांच्याकडे आज जेवायला कोणी पाठवलं का.

पहिलं वर्ष संपताना

कॅलेंडरवर काही तारखा आधीच खुणा करून ठेवा: वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, पहिली दिवाळी, पितृपक्षातली तिथी. या दिवशी नवं काही ठरवू नका आणि एकटं राहू नका. प्रत्यक्ष दिवसापेक्षा आदला दिवस जड जातो, त्याची तयारी ठेवा. वर्षश्राद्ध ज्यांना उज्जैनला सिद्धवटावर करायचं त्यांनी तिथे करावं, घरी करायचं त्यांनी घरी. त्यावरून भावाभावांत वाद घालू नयेत.

आणि जमलं तर एकदा महेश्वरला जाऊन या. इंदूरहून नव्वदेक किलोमीटर. सकाळी लवकर निघा, उन्हाळ्यात दगडी घाट फार तापतो. अहिल्याबाईंच्या वाड्यात त्यांच्या काळापासून चालत आलेली एक पूजा आजही रोज होते: मातीची इवली इवली शिवलिंगं करायची, शेकड्यांनी, फळीवर ओळीनं मांडायची, त्यांची पूजा करायची, आणि लगेच नर्मदेत सोडून द्यायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा नवी माती. मी वर्षश्राद्धानंतर गेले तेव्हा बराच वेळ नुसती बोटं बघत बसले होते. काळ्या मातीची गोळी चिमटीत यायची, क्षणात आकार घ्यायची, ठेवली जायची, तोवर दुसरी चिमटीत असायची. फळी उचलून खाली नेली तेव्हा मी मागोमाग घाटावर उतरले. पाणी जरा वेळ गढूळ झालं. शेजारी एक बाई साडी पिळत होती, तिनं विचारलं, ‘कहाँ से आई हो, बाई?’ मी म्हटलं इंदूरहून. ‘अकेली?’ मी हो म्हटलं, आणि तिच्या साडीचं दुसरं टोक धरलं.